सिपोराचा देवळालीतला शेवटचा पेसाह

भावाने काल सायखेड्याहून द्राक्षांच्या दोन पेट्या पाठवल्या. एक हिरव्यांची, एक काळ्यांची. काळी मी मागितली नव्हती. जवळजवळ तीस वर्षं तो दर हंगामात काळ्या द्राक्षांची एक पेटी वेगळी भरत आला. ती कुणासाठी जाते हे त्याला ठाऊक होतं, आणि ती बाई आता इथे नाही हेही ठाऊक आहे. मी फोन केला तर ओशाळून म्हणाला, "आक्का, भरताना ध्यानातच नाय आलं बघ. हाताला सवय लागलीय. वाटून टाक तिकडं कोणाला तरी."

वाटली नाही अजून. ओट्याखाली ठेवली आहे. झाकणाखालचा कागद उचलला की थंड, गोड, जरासा मातकट वास येतो. मार्च लागला की आमच्या नाशिकरोडला सगळीकडे हाच वास असतो. चौकात हातगाड्या, रस्त्यावर पेट्यांनी भरलेल्या पिकअप, त्यांच्यातून गळून चाकाखाली फुटलेले मणी, त्यावर बसलेल्या गांधीलमाश्या. लोकांना या वासाने सुट्टी आठवते, परीक्षा आठवते. मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो आणि मी पेटी बंद करते.

सिपोरा वरसोलकर, शमीम आणि मी देवळाली कॅम्पातल्या एकाच शाळेत होतो. सिपोरा भूगोल शिकवायची, शमीम हिंदी, मी मराठी. स्टाफरूमच्या खिडकीशी तिघींच्या खुर्च्या. सिपोराचं आडनाव ऐकून ती कोकणातली वाटायची, आणि ती होतीच. अलिबागच्या बाजूचं घराणं. पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे ती देवळालीत जन्मली, वाढली आणि इथेच राहिली. दरवर्षी पंचवीस डिसेंबरला मुख्याध्यापक तिला आवर्जून हॅपी ख्रिसमस म्हणायचे. पहिली काही वर्षं तिने सांगून पाहिलं, "सर, आम्ही ज्यू. ख्रिश्चन नाही." नंतर नुसतं "थँक यू सर" म्हणायला लागली. केक मात्र आणायची. म्हणायची, "सरांची निराशा नको."

तिच्या दाराच्या चौकटीला उजवीकडे बोटाएवढी एक लाकडी नळी तिरकी ठोकलेली होती. आत चर्मपत्रावर प्रार्थना. येता-जाता ती तिला बोट लावून ओठाला टेकवायची. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा मला वाटलं, बेल आहे. मी दाबून पाहिली होती.

शमीमशी तिचं जास्त जमायचं. डुक्कर दोघींना वर्ज्य, उपास दोघींचे कडक, आणि दोघींचा देव चित्रात न मावणारा. एकदा सिपोराने सांगितलं की त्यांच्या जुन्या बोलीत सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. शमीम इतकी हसली की तिच्या हातातला चहा वहीवर सांडला. "मग तू माझीच गं, उगाच लांबची समजत होते," असं म्हणाली. सिपोराच्या धर्मात मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून शमीम ईदला तिच्यासाठी बिर्याणीचं एक लहान पातेलं वेगळं लावायची, दह्याऐवजी नारळाच्या दुधातलं. तीस वर्षं. मी पाहिलेल्या मैत्रीत याहून मोठं मला काही आठवत नाही.

पेसाह हा त्यांचा सुटकेचा सण. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून पूर्वज सुटले त्याची आठवण. तो येतो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्या कॉलनीत निळ्या झेंड्यांचे दिवस असतात त्याच सुमाराला. गुलामीतून सुटलेल्यांची गोष्ट मला परकी कधीच वाटली नाही. त्या संध्याकाळी सिपोरा आम्हा दोघींना बोलवायची. त्यांच्यात वाइनवर आशीर्वाद म्हणतात, पण कोकणात कुठली वाइन, म्हणून तिच्या लोकांनी काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून सरबत करायची रीत पाडली. नाशिकला वाइनचे कारखाने निघाले तरी हिने सरबत सोडलं नाही. त्यासाठी माझ्या भावाची काळी द्राक्षं गच्चीवर पातळ फडक्याखाली सुकायची. गोड चाटणाला खजूर लागायचा. रमजान केव्हाही येवो, शमीम खजुराचा एक डबा तिच्यासाठी बाजूला ठेवायची. असं आम्हा दोघींकडून तिचं ताट भरायचं.

जेवण झालं की ती वडिलांची वही काढायची. तिचे वडील ड्यूटीवरून आले की हार्मोनियम घेऊन कीर्तन करत. साकी, दिंडी, ओव्या, सगळं आपल्या कीर्तनासारखं, फक्त कथा त्यांच्या. त्या वहीतलं एक आख्यान त्यांनी स्वतः रचलेलं होतं, गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचं. त्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा. सिपोरा ते सुरात म्हणायची, आणि गाववाले किनाऱ्यावर धावत येतात तिथपर्यंत आली की शमीम पदर सावरून पुढे सरकायची. गाववाल्यांनी कोण, कुठले, विचारलं नाही. आधी कोरडे कपडे दिले, मग नाव विचारलं. "तो कपड्यांचा भाग परत म्हण," शमीम दरवर्षी सांगायची. सिपोरा परत म्हणायची.

शेवटी, पुढच्या वर्षी यरुशलेमेत भेटू, असं म्हणायची त्यांची पद्धत. सिपोरा ते म्हणायची आणि लगेच भांडी आवरायला घ्यायची. तिची मुलगी दिना लग्न करून तिकडेच, इस्रायलातल्या अश्दोदला गेलेली. सिपोरा एकदा सहा महिने जाऊन परत आली होती. "प्रार्थना तिकडे तोंड करून करायची, पण राहायचं इथंच," म्हणाली. "तिथला भाजीवाला मला ताई म्हणत नाही गं."

मग तो ऑक्टोबर आला. त्या शनिवारी ती नेहमीसारखी टीव्ही बंद ठेवून बसली होती. शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा वार होता. तिला हमासच्या हल्ल्याची बातमी शेजाऱ्यांकडून कळली. संध्याकाळी मी गेले तर ती दिनाला पुन्हा पुन्हा फोन लावत होती. दिना सुखरूप होती, पण ती शिकवते त्या शाळेतल्या एका सहकारी बाईची मुलगी सापडत नव्हती. दोन आठवड्यांनी सापडली, म्हणजे तिचं काय राहिलं होतं ते सापडलं. सिपोराने मला हे सांगितलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती. सोलत राहिली. मी समोर बसून शेंगा तिच्याकडे सरकवत राहिले.

आणि मग गाझा. रोज, रोज. शमीमच्या फोनवर धुळीने पांढरी झालेली लेकरं यायची. ती ते बघायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. मला दाखवायची. सिपोराला कधी दाखवलं नाही.

तिघींच्या भोवतीचे लोक मात्र बोलत होते. सिपोराच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पेढे घेऊन आले. "मॅडम, तुमच्या लोकांनी काय दाखवून दिलं! असं पाहिजे." सिपोराने पेढा घेतला, टीव्हीवर ठेवला. "माझे लोक अलिबागला तेल गाळत होते हो," एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला, हुशार, तिचा लाडका मुलगा. 'बाई, तुम्ही पण त्यांच्यातल्याच ना?' तिने तो मला वाचायला दिला. "याला काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, नको लिहूस काही. आयुष्यभर मुलांना उत्तरं लिहायला शिकवलं आणि हा सल्ला दिला मी.

देवळालीच्या डोंगराकडे तोफांचा सराव चालतो. कित्येक वर्षांपासून आमच्या कानांना तो सवयीचा. तासाला मध्येच खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि सिपोरा नकाशावरची छडी न हलवता पुढे शिकवत राहायची. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मी तिला दचकताना पाहिलं. एकदा दिनाशी फोनवर बोलताना धडाम्‌ आवाज झाला आणि पलीकडून दिना ओरडली, "आई, तिकडे पण?"

दिनाचा मुलगा नदाव बावीस वर्षांचा. त्याला सैन्यात बोलावणं आलं होतं आणि तो आत, गाझात होता. आठ-दहा दिवसांतून एकदा तो आजीला व्हिडिओ कॉल करायचा. त्याला मराठी चार वाक्यं यायची. "आजी, कशी आहेस? जेवलीस? मी बरा. काळजी नको." तेवढ्यात कॉल संपायचा. सिपोरा फोन पदराने पुसून ठेवायची.

फेब्रुवारीत अवकाळी झाला. सायखेड्याकडे गारा पडल्या. भाऊ म्हणाला, "लय तडकलाय माल. तुमच्या बाईंपुरता निघंल." काळ्या मण्यांवर बारीक चिरा होत्या, त्यातून रस येऊन तो सालीवरच वाळला होता. मी ती घेऊन गेले, आणि त्या दिवशी शमीमही तिथे आली होती. तिघी गच्चीवर फडक्यावर मणी पसरत होतो. ऊन चढलं होतं. बोलणं सांधेदुखीवर, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर. अचानक शमीमने हात थांबवले आणि अगदी हळू विचारलं,

"सिपोरा, तुझा नातू तिथे काय करतो गं?"

त्या आवाजात राग नव्हता. मी शपथेवर सांगेन. पोटात कित्येक महिने धरून ठेवलेलं काही बाहेर पडलं होतं, एवढंच.

सिपोरा म्हणाली, "मला काय माहीत? मला विचारतो, जेवलीस का."

"विचार ना मग त्याला."

"तू विचारलं असतंस? तुझा असता तर?"

शमीमने हातातला मणी फडक्यावर ठेवला. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. दोघींनी. मी त्या वेळी काहीतरी म्हणायला हवं होतं. आजही मला ते वाक्य सापडत नाही. मी म्हणाले, "मणी फार जवळजवळ ठेवलेत, बुरशी धरेल." आणि मी ते सारखे करायला लागले.

त्यानंतर शमीम त्या घरी गेली नाही.

रमजान आला. एका दुपारी मी शमीमला कॅम्पातल्या एका दुकानात पाहिलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन ती खजुराचा एकेक डबा उलटा करून बघत होती. कुठला माल, कुठून आला. इस्रायलचा खजूर घेऊ नका असे मेसेज सगळीकडे फिरत होते. मला पाहून ती खजील झाली. "काय करू सुमन," म्हणाली, "माझ्याच्याने दुसरं काय होतंय? मी इथे देवळालीत बसून एक डबा परत ठेवू शकते. बस." तिने डबा परत ठेवला. त्यावर कुठलं नाव होतं ते मी पाहिलं नाही. त्या वर्षी तिने सिपोरासाठी खजूर ठेवला नाही, आणि ईदच्या दिवशी लहान पातेलं लावलं की नाही ते मी विचारलं नाही. सिपोराने चाटणाचा खजूर स्वतः जाऊन आणला.

मला या काळात एक काम मिळालं होतं. सिपोराला वडिलांची वही स्वच्छ अक्षरात उतरवून हवी होती. कागद तुकडे पडायच्या बेतात आलेला. मी रोज सकाळी जायचे आणि लिहायचे. शाई पसरलेली, ऱ्हस्व-दीर्घ हवे तसे, मध्ये कुठे हिब्रूची एखादी ओळ जी ती वाचून दाखवायची. खरं सांगायचं तर ते काम मला सोयीचं झालं. समोर बसलेली बाई आतून फाटत होती आणि मी तिच्या वडिलांच्या वेलांट्या दुरुस्त करत होते. तिने तरी दुसरं काय मागितलं होतं म्हणा.

सणाच्या आधी काही दिवस इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रं सोडली. दिना लहान मुलीला घेऊन जिन्याखालच्या सुरक्षित खोलीत बसली होती. सिपोराने मला सांगितलं, "आता मला कळत नाही मी कुणासाठी काय मागायचं. एकासाठी मागितलं की दुसऱ्यावर पडतं."

पेसाहच्या दिवशी दुपारी मी शमीमकडे गेले. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. मी म्हटलं, "ती वाट बघतेय."

"मला माहितीय."

"नुसती येऊन बस. बोलू नकोस काही."

"सुमन, ती सुटकेची गोष्ट म्हणेल. मी तिथं बसून ऐकू? आणि माझ्या डोळ्यांसमोर काय येईल? मग मी तिच्याकडे बघू कशी?" तिचे डोळे भरले. "आणि नाही गेले तर तीस वर्षांचं काय करू, ते पण सांग."

मी सिपोराला जाऊन सांगितलं, शमीमला ताप आहे.

"ताप," सिपोरा म्हणाली. तिने ताटांपैकी एक उचलून आत नेऊन ठेवलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघीच होतो. बाहेर अजून उजेड होता, गुलमोहर तापून लाल. सरबत गडद जांभळं झालं होतं, गारा लागलेल्या द्राक्षांचं असूनही नेहमीपेक्षा गोड. तिने आशीर्वाद म्हटला. गुलामीची आठवण म्हणून खातात तो कडू पाला मिठाच्या पाण्यात बुडवून मला दिला. मग मी उतरवलेली नवी वही तिने उघडली आणि सूर लावला. आवाज चिरका झाला होता. गलबत फुटलं. प्रेतं वाहून आली. गाववाले धावले. कोरडे कपडे दिले. तिथे ती थांबली. सवयीने थांबली, कुणीतरी 'परत म्हण' म्हणेल म्हणून. पंख्याचा आवाज येत होता. मी म्हणू शकले असते. ते शमीमचं वाक्य होतं, माझ्या तोंडून आलं नाही. सिपोराने पान उलटलं.

यरुशलेमेचं वाक्य तिने त्या वर्षी म्हटलंच नाही. मीही आठवण केली नाही.

मे महिन्यात दिनाचा फोन आला. नदावला घरी पाठवलं होतं. अंगावर ओरखडा नाही. पण तो बोलत नव्हता. आईशी नाही, मित्रांशी नाही, डॉक्टरशी नाही. पडदे ओढून खोलीत बसून राहायचा. "आई, तू ये," दिना म्हणाली. सिपोरा बहात्तर वर्षांची होती. तिने पंधरा दिवसांत घर मोकळं केलं. कपाट कुणाला, शिवणयंत्र कुणाला. तिच्यात धावपळ नव्हती, रडणं नव्हतं. फक्त दाराच्या चौकटीवरची नळी तिने स्क्रू ड्रायव्हरने स्वतः काढली आणि लाकडावर मागे राहिलेली दोन भोकं अंगठ्याने चाचपून पाहिली.

निघाली त्या सकाळी शमीम आली. मी बोलावलं नव्हतं. गाडीत सामान चढत होतं आणि ती फाटकातून आत आली, रिकाम्या हाताने. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काही होईल, कुणी रडेल, मिठी मारेल. शमीमने सिपोराच्या खांद्यावरचा पदर नीट केला. "गुडघ्याच्या गोळ्या पर्समध्ये ठेव, बॅगेत नको," म्हणाली. सिपोरा म्हणाली, "ठेवल्यात." गाडी गेली. शमीम आणि मी रिक्षा स्टँडपर्यंत चालत आलो.

सिपोरा आता दर रविवारी मला फोन करते. पहिले काही महिने ती तिथल्या सरकारी हिब्रूच्या वर्गाला जायची, तिथल्या गमती सांगायची. सत्तरीत पाटी-पेन्सिल, वर्गात रशियन म्हातारे. मग वर्गाचं नाव निघेना. गेल्या आठवड्यात मी विचारलं, "हिब्रू कुठवर आलं?"

"सोडलं मी."

"का गं? तुला तर आवडत होतं."

ती म्हणाली, "नदाव माझ्या खोलीत येऊन बसतो दुपारचा. मी भाजी निवडत असते. तो बोलतो, सुमन. घंटा-घंटा बोलतो. फक्त माझ्याशी. दिना आली की गप्प होतो. मला हिब्रू येत नाही हे त्याला माहितीय, म्हणूनच तो मला सांगतो."

"आणि तुला काहीच कळत नाही?"

"प्रार्थनेतले शब्द कळतात. घर. दार. लेकरं. ते सारखे येतात त्याच्या बोलण्यात. मधले नाही कळत." ती श्वास घेऊन म्हणाली, "वर्गात रोज दहा नवे शब्द शिकवायचे. मला भीती वाटायला लागली, एक दिवस मधलं सगळं भरून येईल. मग तो माझ्या तोंडावरून ओळखेल, आणि पुन्हा गप्प होईल."



आज सकाळी बाजारात शमीम भेटली. कोथिंबिरीच्या जुड्या उलटून पाहता पाहता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तिकडची खबर काय? सिपोरा कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि तो मुलगा?"

मी म्हटलं, "बोलायला लागलाय."

शमीमने जुडी पिशवीत टाकली. तिच्या चेहऱ्यावर खरंच, अगदी मनापासून, हायसं वाटल्यासारखं झालं. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "बोललं की मोकळं होतं माणूस."

मी मान हलवली.